सात चिंचोके

परंड्याहून सोनारीकडं येताना एक फाटा फुटतो. त्या फाट्यावरच्या गावात आण्णासाहेबांशी लावलेली पैज गेल्या तीस वर्षांत कुणी जिंकली नव्हती. नारळ फेकायची पैज असो, गोफणीची असो, नाहीतर एका बैठकीत किती कणसांचा हुरडा खातो याची असो, म्हातारा हरायचाच नाही. आणि जिंकला की महिना-महिना गावाला सुखानं जगू द्यायचा नाही. पारावर बसून एकाच फेकीचं पुराण तो इतक्यांदा सांगायचा, की पारावरचा मारुती एखाद्या दिवशी उठून दुसऱ्या गावाला जाईल असं लोक म्हणायचे.

आण्णासाहेबांचं तोंड बंद होत नव्हतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण वर्षभरात ते पुरतं उघडतही नव्हतं, हे फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं.

कमलबाईच्या ध्यानात ते भाकरीवरून आलं. चाळीस वर्षं कडक भाकरी आणि लवंगी मिरचीचा ठेचा हाणणारा माणूस भाकरी आमटीत कुस्करून, भिजवून, बारके-बारके घास करून खायला लागला. ठेचा तर ताटाला लावू देईना. जांभई आली की तोंड अर्ध्यातच अडायचं, आतून कडी लावल्यासारखं. आणि डाव्या गालात पहाटेपासून तंबाखू-चुन्याचा बार भरलेला तो भरलेलाच.

"आवो, दाखवा की कुणाला तरी," ती म्हणायची.

"दात दुखतोय. दाताचं काय दाखवायचं?"

"मग दाताच्याच डॉक्टरला दाखवा."

"कमल, झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडली की संपलं."

हट्ट होता तसं त्यामागं कारणही होतं. पाच वर्षांमागं कमलबाईचा धाकटा दीर याच दुखण्यानं गेला. जीपमधून आपल्या पायानं उतरून दवाखान्यात गेला आणि चार महिन्यांनी आडवा घरी आला. त्याला घेऊन जाणारे आण्णासाहेब, उशाशी बसणारेही आण्णासाहेबच. तो फार उशिरा आला, असं डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांच्या कानात शिरलंच नाही. दवाखान्यात गेला म्हणून मेला, एवढंच त्यांनी डोक्यात घेतलं. कमलबाईनं रडून बघितलं, भांडून बघितलं, दोन दिवस अबोला धरून बघितला. अबोल्यात तर म्हातारा खूशच झाला. चुलीपुढं बसलं की दिराचं शेवटचं तोंड तिच्या डोळ्यांपुढं यायचं, आणि तिला भीती वाटायची.

अशात फाल्गुन उजाडला. ज्वारीची काढणी झाली, रानं मोकळी पडली, आणि एका सकाळी चार अनोळखी माणसं गावात शिरली. डोक्याला टोप्या, एकाच हातात मोजा, पाठीवर लांबलचक पिशव्या आणि त्यांत लोखंडी काठ्या. गावाला वाटलं, विजेची माणसं आली. दोघं-तिघं तारेवरचे आकडे काढायला धूम पळाले.

पण ती निघाली गोल्फ खेळणारी मंडळी. पुढारी रणधीर, फौजेतून निवृत्त होऊन पुण्यात राहिलेला, साठीचा ताठ गडी. त्याच्याबरोबर दीपमाला, तोंडाच्या आजारांची डॉक्टर. माहेर ढोकीचं, बाप तिथल्या साखर कारखान्यात कामाला होता, त्यामुळं बाई इकडच्या बोलीला हसत नव्हती. बाकीचे दोघं पिशव्या वाहायला आलेले मित्र. पगारी कुणीच नाही. परंड्याच्या किल्ल्यापासून चेंडू मारत निघायचं ते थेट ढोकी गाठायची, असा त्यांचा बेत. शहरातल्या लोकांनी त्यांच्या दर फटक्यामागं पैसे कबूल केलेले, आणि तो सगळा पैसा कॅन्सरच्या संशोधनाला जायचा.

"संशोधन म्हंजी?" कमलबाईनं विचारलं. "औषध देताव का?"

"नाही मावशी. औषधाच्या आधी कारण शोधावं लागतं," दीपमाला म्हणाली. "दोघं भाऊ एकाच चंचीतली तंबाखू खातात. एकाला रोग होतो, दुसऱ्याला होत नाही. कुणाला एक वर्षात होतो, कुणाला तीस वर्षांनी. असं का, ते अजून नीट कळलेलं नाही. ते हुडकायला माणसं लागतात, यंत्रं लागतात."

एकाच चंचीतली! कमलबाईनं पाराकडं बघितलं. आण्णासाहेब चंची सोडून नवा बार मळत बसले होते. ती चंची धाकट्या दिराचीच होती.

मग डॉक्टरीणबाईनं गावाला एक सोपी परीक्षा सांगितली. आपलीच तीन बोटं उभी धरायची आणि तोंडात घालून बघायची. गेली तर ठीक, नाही गेली तर तिला येऊन भेटायचं. झालं! एरवी नवल वाटलं की गाव तोंडात बोटं घालतं, त्या दिवशी डॉक्टरच्या सांगण्यावरून घातली. पाराभोवती पन्नास बाप्ये तीन-तीन बोटं तोंडात कोंबून एकमेकांकडं बघत उभे. आण्णासाहेबांनी मात्र हाताची घडी घातली ती सोडली नाही.

"म्या काय बाजारात उभा केलेला बैल हाय का, दात बघायला?" ते म्हणाले, आणि बोलणं दुसरीकडं वळवावं म्हणून रणधीरकडं वळले. "सायेब, तुमचा ह्यो खेळ असतो कसा, ते सांगा की आधी."

रणधीरनं चेंडू मातीवर ठेवला. "हा इथून मारायचा. पडेल तिथून पुन्हा मारायचा. जिथं पोचायचं तिथं जो कमी फटक्यांत पोचेल तो जिंकला."

"आरं तिच्या! ही तर आमची नारळाची पैज!" आण्णासाहेब उठूनच उभे राहिले. "इथनं अमुक देवळापतोर इतक्या फेकीत नारळ नेतो, म्हणून पैज लावायची. नारळ पडंल तिथनं फुडची फेक. आमचे आजे-पणजे हेच करत आले. तुमी त्याला काठी जोडली आन टोपी घातली."

सगळा पार हसला. रणधीरही हसला. फौजी माणूस, पण रागावणारा नव्हता. हसण्यानं म्हाताऱ्याला चेव आला.

"काठी लागतीच कशाला? सोनारीच्या देवळाची कमान इथनं सव्वा कोस. म्या गोफणीनं तुमचा चेंडू तुमच्यापरीस कमी फेकीत नेऊन दावतो. हरलाव, तर चौघांनी माझ्या चार एकरातली ज्वारीची धसकटं येचायची. हाय कबूल?"

"कबूल. आणि तुम्ही हरलात तर?"

आण्णासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "म्या? म्या हरलो तर मागाल ते!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. रणधीर काही मागायच्या आत बायकांच्या घोळक्यातून कमलबाईचा आवाज आला, "हरले, तर डॉक्टरीणबाईपुढं तोंड उघडायचं. आन त्या म्हणतील त्या दिवशी, म्हणतील त्या दवाखान्यात जायाचं. कुरकुर न्हाय."

आण्णासाहेबांनी बायकोकडं असं बघितलं, की दुसरी एखादी असती तर तिथल्या तिथं पदर तोंडाला लावून आत गेली असती. कमलबाई हलली नाही. गावासमोर शब्द गेला होता, आणि आण्णासाहेब कसेही असले तरी पैजेचा शब्द गिळणारे नव्हते.

"व्हय," ते शेवटी म्हणाले. "हरलो तरचं बोलणं हाय हे. हरतंय कोण?"

मोजायला कोण, याचा प्रश्नच नव्हता. गावात कुठलीही पैज असली की मोजायला कमलबाईच. दर फेकीला एक चिंचोका पदराच्या टोकात बांधायचा, ही तिची रीत. एका टोकात एकाचे, दुसऱ्या टोकात दुसऱ्याचे. तीस वर्षांत तिचा एक चिंचोका इकडचा तिकडं झाला नव्हता. सासऱ्याची पैज होती तेव्हा सासऱ्यालाही तिनं सोडलं नव्हतं. "बायको मोजणार म्हटल्यावर आमचं कठीण आहे," रणधीर गमतीनं म्हणाला, तर चार म्हातारे त्याच्या अंगावर धावून गेले.

गावचे अमरसिंह पाटील, चाळीस एकर उसाचे धनी, त्यांनाही लगोलग मोठेपणा सुचला. त्यांनी जाहीर केलं, "आण्णासाहेबांच्या दर फेकीला माझे शंभर रुपये, संशोधनाला!" म्हातारा कमीत कमी फेकीत जाणार, हे धरूनच पाटील बोलले होते. पाटलाचं दान असंच, मोजून-मापून.

रणधीरनं आण्णासाहेबांना तीन चेंडू दिले. "पैजेला चेंडू एकच," म्हणून कमलबाईनं त्यातल्या एकाला हळदीची पाच बोटं लावली. उरलेले दोन कोरे पांढरे चेंडू म्हाताऱ्यानं बंडीच्या खिशात टाकले. नियमही सांगून झाले. चेंडू हरवला तर दंडाचा एक. आणि हरवलेला लपवून गुपचूप दुसरा टाकला, तर दोन.

"लपवलेला कळणार कसा?" कुणीतरी विचारलं.

"खेळणाऱ्यानं आपण होऊन सांगायचा," रणधीर म्हणाला.

गावाला वाटलं, उन्हानं माणसाचं डोकं फिरलं.

निघाली वरात. पुढं दोघं पैलवान, मागं अर्धं गाव. रणधीरनं पहिला फटका असा मारला, की चेंडू नजरेआड झाला आणि बायकांनी "अगं बया!" केलं. आण्णासाहेब पुढं झाले. सुताच्या विणीची गोफण, तिच्या खोळीत चेंडू, डोक्यावरून दोन वेढे आणि फाट! चेंडू रणधीरच्या चेंडूपेक्षा पन्नास पावलं अलीकडं पडला, पण पडला तो बैलगाडीच्या वाटेवर. कडक वाटेवर टप्पे घेत-घेत गेला तो रणधीरच्याही पुढं. म्हाताऱ्यानं त्या शिवाराचा बांध न् बांध तुडवलेला, त्याला कुठं माती मऊ न् कुठं निबर हे डोळे मिटून ठाऊक होतं.

आणि रणधीर बिचारा पडला काळ्या रानात. फाल्गुनातलं काळं रान म्हणजे भेगाच भेगा. तिसऱ्याच फटक्याला त्याचा चेंडू एका भेगेत गडप झाला. फौजेतला माणूस पालथा पडून खांद्यापर्यंत हात भेगेत घालून चाचपत राहिला, आणि गाव वरून सल्ले देत राहिलं. हाताला एक जुना खुरप्याचा तुकडा लागला, चेंडू काही लागला नाही.

"एक माझ्यावर," कपडे झटकत तो म्हणाला.

कमलबाईनं त्याच्या टोकात जादा चिंचोका बांधला, पण नाखुशीनं. पुढच्याच बांधावर रणधीर चेंडूपाशी काठी टेकवून उभा राहिला आणि थांबला. "काठी लागून चेंडू हलला. एक माझ्यावर."

"हलला न्हाय!" कमलबाई ओरडली. "मी बघत हुते. कसला हलला?"

"हलला, मावशी. तुम्हाला दिसलं नसेल, मला दिसलं."

आता काय म्हणावं या माणसाला! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं संन्यासी आपणहून फासात मान देत होता. कमलबाई मनात जळफळली. बाबा रे, तुझ्या खरेपणापायी माझं कुंकू जायची पाळी आलीय, आणि तू धुतल्या तांदळासारखा चालला आहेस! बारा फेकींत म्हातारा चारानं पुढं होता. असंच चाललं तर कमानीपाशी तो गुलाल उधळणार, घरी येऊन भाकरी आमटीत भिजवणार, आणि झाकली मूठ तशीच झाकलेली राहणार.

तिनं लांबूनच सोनारीच्या दिशेला हात जोडले. "भैरोबा, तीस वर्षांत हात मैला केला न्हाय. आज करते. पाप माझ्या नावावर मांड, पर त्या माणसाचं तोंड उघड." आणि नवऱ्याच्या पुढच्या फेकीला तिनं एकाऐवजी दोन चिंचोके बांधले. गाठ पहिल्यांदा नीट बसली नाही. पुढच्या वेळी बसली. पापाचंही तसंच असतं बघा, पहिल्या घासालाच काय तो ठसका लागतो.

वाटेत बिरूची मेंढरं चरत होती. रणधीरचा चेंडू नेमका त्यांच्यात जाऊन पडला. बिरूनं इकडं-तिकडं बघितलं, आणि गावाच्या इज्जतीसाठी चेंडूवर टाच रोवून, तो मातीत दाबून, आभाळाकडं बघत शीळ घालत उभा राहिला.

"बिरू, टाच उचल!" कमलबाई कडाडली.

"काकू, तुमी कुणाच्या बाजूच्या हो?"

"तुझ्या काकाच्याच. उचल मुकाट्यानं!"

बिरूनं टाच उचलली, पण त्याला बोलण्याचा अर्थ काही लागला नाही. अमरसिंह पाटीलही कासावीस झाले होते. दर दोन बांधांनी ते "किती झाले?" म्हणून विचारायचे, आकडा ऐकून टोपी काढून डोकं पुसायचे. "म्हातारा इतक्या लांब फेकतोय, मग फेकी वाढत्यात कशा?" असं त्यांनी एकदा विचारलं. "ऊन लागतंय, पाटील. तुमाला जमत नसंल तर न्हाय म्हणा, मी डॉक्टरीणबाईला सांगते," असं कमलबाई म्हणाली, आणि पाटलांनी टोपी परत डोक्यावर घातली.

एकदा आण्णासाहेबांनीच विचारलं, "कमल, माझे किती?"

"एकवीस."

खरे होते अठरा. आपली तीस वर्षांपूर्वीची फेकसुद्धा मोजून सांगणारा माणूस तो. त्यानं बायकोकडं बघितलं. मग पदराच्या फुगलेल्या टोकाकडं बघितलं. कमलबाईनं ते टोक मुठीत दाबलं.

"मोजायला मी हाय," ती म्हणाली. "तुमी खेळायचं बगा."

म्हातारा पुढं चालायला लागला. पावशेर मिठावरून तासभर वाद घालणारा माणूस न भांडता गेला, याचं तिला नवल वाटलं. पण नवल करत बसायला वेळ नव्हता.

पुढं ओढा लागला. पाणी नावालाच, पण लव्हाळं पुरुषभर वाढलेलं. आण्णासाहेबांचा चेंडू त्यात गेला. "कुणी येऊ नका, म्या हुडकतो," म्हणून ते एकटेच आत शिरले. गाव काठावर बसलं. बराच वेळ झाला. कमलबाईनं टाचा उंचावून बघितलं तर लव्हाळ्याच्या फटीतून म्हाताऱ्याची पाठ दिसली. एका दगडावर बसला होता आणि हात तोंडाशी नेलेला होता.

"घ्या! इथं आमचा जीव टांगणीला, आन हे तिथं निवांत बार भरतंय," ती पुटपुटली, आणि रागानं आणखी एक चिंचोका बांधला.

थोड्या वेळानं म्हातारा वर आला. चेंडू मुठीत होता. तिथूनच त्यानं गोफण फिरवली आणि ओढ्यापल्याड थेट बाभळीवरून चेंडू पार केला. गावानं शिट्ट्या मारल्या. त्याच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं.

दुपार टळायच्या सुमाराला सोनारीच्या देवळाची कमान आली. कमानीखाली पुजाऱ्याकडून मागून घेतलेली घागर आडवी ठेवली होती, चेंडू तिच्यात गेला की संपलं. रणधीरनं छोट्या काठीनं हळूच ढकलून चेंडू आत घातला. आण्णासाहेबांनी गोफण खांद्यावर टाकली, दहा पावलांवरून हातानंच चेंडू सरपटवला. घागर टणकन वाजली.

मोजायचं काम अमरसिंह पाटलांनी हाती घेतलं. देवळाच्या पायरीवर कमलबाईनं पदराची टोकं सोडली. आधी रणधीरचे. फटके छत्तीस, आपल्या तोंडानं मागून घेतलेले दंड चार. चाळीस. मग आण्णासाहेबांचे. पाटील एकेक चिंचोका सरकवू लागले आणि कमलबाई देवाचं नाव घेऊ लागली. सात जादा घातले होते तिनं. सात! आणि तरीही पाटलांचा आकडा येऊन थांबला तो एकोणचाळीसवर.

"एकानं जिंकले! आण्णासाहेब जिंकले!"

गाव नाचायला लागलं. बिरूनं पागोटं आभाळात फेकलं. रणधीरनं पुढं येऊन म्हाताऱ्याचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "धसकटं वेचायला उद्या किती वाजता येऊ?" कमलबाई पायरीवर तशीच बसली. आणखी एकच चिंचोका. एक चिंचोका जास्त घातला असता तर बरोबरी, दोन घातले असते तर काम झालं असतं. पापसुद्धा तिला पुरतं करता आलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लोकांना वाटलं, नवरा जिंकला म्हणून आलं.

"थांबा," आण्णासाहेब म्हणाले.

त्यांचा आवाज एवढा बारीक गावानं कधी ऐकला नव्हता, म्हणूनच गाव थांबलं.

"माझ्यावर दोन आणखी धरा. वढ्यात चेंडू घावला न्हाय मला. म्या खिशातला दुसरा टाकला आन गप बसलो." त्यांनी रणधीरकडं बघितलं. "लपवला की दोन, असंच हाय न्हवं तुमच्यात?"

"असंच आहे," रणधीर म्हणाला.

"मग एकेचाळीस झाले. हरलो म्या."

एकच गलका उठला. "काका, कुणी बघितलं?" "कशाला सांगितलं?" "तीस वर्षांचं नाक कापलं!" बिरू तर रडायलाच लागला. पाटलांनी आकड्यात आणखी दोनशे मिळवले आणि टोपी काढून डोकं पुसलं. आण्णासाहेब कुणाशीच भांडले नाहीत. कमानीच्या खांबाला टेकून उभे राहिले.

कमलबाई उठली. घागर पुजाऱ्याची, परत द्यायची होती, म्हणून तिनं आत हात घालून दोन्ही चेंडू काढले. एक रणधीरचा. दुसरा मातीनं माखलेला. सवयीनं तिनं तो पदरानं पुसला, आणि मातीखालून हळद निघाली. एक बोट, दोन बोटं, पाचही बोटं. सकाळी तिनंच लावलेली.

चेंडू हरवलाच नव्हता. कोरे दोन्ही चेंडू अजून म्हाताऱ्याच्या खिशात होते.

तिनं चटकन मूठ मिटली. आयुष्यात पहिल्यांदा तिला झाकल्या मुठीचा अर्थ कळला. गर्दीतून वाट काढत ती नवऱ्याजवळ जाऊन उभी राहिली. दोघंही समोर देवळाच्या कळसाकडं बघत होते.

"किती घातलेस?" म्हाताऱ्यानं ओठ न हलवता विचारलं.

"सात."

"सात! आन तरीबी एकानं जिंकत हुतो म्या." क्षणभर जुना आण्णासाहेब डोकावला. "बग म्हणावं."

"बगितलं. मग हरलाव कशाला?"

म्हाताऱ्यानं उजव्या हाताची तीन बोटं वर धरली, आपलीच, आणि त्यातली दीड मिटली.

"वढ्यात बसून घालून बगितली. दीडच बोट जातंय, कमल. लई जोर केला, दीडच." त्यानं बोटं खाली घेतली. "मला भ्या वाटतंय गं."

बार भरत नव्हता तर. लव्हाळ्याआड एकटा बसून म्हातारा आपल्या तोंडात बोटं घालून बघत होता, आणि ती काठावर त्याला शिव्या देत होती. चारचौघांत ती कधी त्याच्या अंगाला हात लावत नव्हती. आज तिनं त्याचं मनगट धरलं.

"मलाबी वाटतंय," ती म्हणाली. "चला. दोघं भिऊ."

दीपमाला पायरीवर बॅटरी घेऊन बसलीच होती. आण्णासाहेब तिच्यापुढं जाऊन बसले. बसल्यावर त्यांना काहीतरी आठवलं. त्यांनी कमरेची चंची काढली, तिच्याकडं एकदा बघितलं, आणि बायकोच्या हातात दिली. मग बाजूला वळून गालातला बार थुंकला.

"डॉक्टरीणबाई," ते म्हणाले, "एकाच चंचीतले दोघं भाऊ, असं सांगत हुताव न्हवं सकाळी? ती ही चंची. एक भाऊ गेला. दुसऱ्याचं काय हुतंय, ते तुमच्या संशोधनात लिहून घ्या. नाव मात्र नीट घाला. आण्णासाहेब, गोफणवाले."

"लिहिते," दीपमाला म्हणाली. ती हसली नाही. "आता आ करा."

आण्णासाहेबांनी डोळे गच्च मिटले आणि जेवढं उघडत होतं तेवढं तोंड उघडलं. दीपमालानं बॅटरीचा उजेड डाव्या गालात टाकला, बोटानं चाचपलं, पुन्हा उजेड टाकला. मग तिनं चिठ्ठीवर दवाखान्याचं नाव लिहिलं, सोमवार लिहिला आणि चिठ्ठी कमलबाईकडं दिली. "पांढरे चट्टे आहेत. तुकडा काढून तपासायचा. मी स्वतः तिथं असेन."

"सोमवारी न्हाय जमायचं," आण्णासाहेब म्हणाले.

कमलबाईनं डोळे वटारले.

"आगं, सोमवारी ह्या चौघांस्नी धसकटं दावायची हुती... बरं, बरं! हरलोय व्हय म्या. सोमवारी तर सोमवारी."

रणधीर हसायला लागला, मग गावही हसलं. कमलबाईनं चिठ्ठी पदराच्या टोकात, जिथं सकाळपासून चिंचोके होते तिथं, घट्ट बांधली. हळदीचा चेंडू कमरेला खोचला. मग पायरीवरच्या ढिगातून तिनं मोजून सात चिंचोके वेगळे काढले, आत गेली, आणि भैरोबापुढं ते ठेवून डोकं टेकलं.

"तुझे तुला," ती म्हणाली. "सोमवारी लागले तर परत न्यायला येईन."